मेही गर्भिणीचें लंघन : धारूर येथील एका वैद्यकी बाडाच्या निमित्तानें

जुन्या कागदांचा संग्रह करणारा मनुष्य कागद वाचतांना कालाचा, अक्षराचा व लेखकाचा विचार करितो. ऐकणारावर त्या कागदाचा कांहीं परिणाम होईल, हा विचार त्याच्या मनांत सहसा येत नाहीं. आमच्याहि मनांत तो आला नाहीं, आणि त्यामुळें आमच्या हातून एक चूक घडली. ती कशी घडली व शास्त्रदृष्ट्या ती कोणत्या जातीची होती, हें या त्रैमासिकाच्या वाचकांपुढें ठेवावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. वाचकांपैकीं पुष्कळांच्या संग्रहीं वैद्यकी बाडें आहेत. आमच्यावर आला तसा प्रसंग त्यांच्यावरहि केव्हांहि येण्यासारखा आहे.

धारूर हें गांव बीड जिल्ह्यांत, बालाघाटच्या डोंगरांत आहे. गांवालगतचा किल्ला सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत विजापूरकरांचा सरदार किश्वरखान यानें बांधविला. पुढें निजामशाही, मोंगल व आसफजाही असे अंमल त्या ठाण्यानें पाहिले, आणि मोंगली कागदांत त्याचें नांव फत्तेहाबाद असें पडलें. अशा जुन्या ठाण्याच्या गांवीं वैद्य, जोशी, कुळकर्णी यांच्या घरांतून दप्तरें असावयाचींच. आम्हांस दाखविण्यांत आलेलें बाड एका वैद्य घराण्यांतलें होतें. पानें सुटीं, कांहीं बाळबोध, कांहीं मोडी, आरंभ नाहीं, शेवट नाहीं, कालाचा वा लेखकाचा उल्लेख नाहीं. ऐतिहासिक प्रमाण म्हणून त्याची किंमत आम्ही कांहींच धरीत नाहीं, व पुढील विवेचनांतलें एकहि विधान त्यावर उभारलेलें नाहीं. तें बाड केवळ निमित्त आहे.

दिवस नवरात्राचे होते. आम्ही ओसरीवर पानें लावीत बसलों असतां घरच्या वृद्ध गृहिणीनें विचारिलें, "गुरुजी, सूनबाईला लहानपणापासून साखरेचा आजार आहे, आणि आतां तिला दिवस गेले आहेत. आमच्या मामंजींच्या पोथींत कांहीं असेल तर वाचून सांगा." योगायोगानें मेहाच्या उपचाराचें एक पान हातांतच होतें. मेही यास लंघन द्यावें, रूक्ष व कडू पदार्थ द्यावे, जव खावयास घालावे, असा त्यांतील मजकूर होता. आम्हीं तो मोठ्या हौसेनें वाचला. लंघन म्हणजे शरीरास लाघव आणणें, पोट हलकें ठेवणें, असा अर्थहि विशद करून सांगितला. चाळीस वर्षें मुलांस शिकविण्यांत गेल्यामुळें समजावून सांगण्याची संवय लागलेली. समोरच्या दारांत उभी राहून कोण ऐकत आहे, याकडे आमचें लक्ष नव्हतें.

सूनबाईस तिसरा महिना चालू होता व सकाळ-संध्याकाळ ती इन्सुलिनची सुई घेत असे. सासूबाईंचा शब्द व गुरुजींची पोथी या दोहोंस मान देऊन तिनें तिसऱ्या दिवशीं रात्रीची भाकरी सोडली. सुई मात्र नित्याप्रमाणें घेतली. पहांटे ती घामानें चिंब झालेली, हातपाय कांपत असलेली व असंबद्ध बोलत असलेली घरच्यांस आढळली. नवरात्राचे दिवस असल्यानें देवीचें वारें आलें, असें प्रथम सर्वांस वाटलें. कोणी कुंकू लावलें, कोणी कापूर पेटविला. शेजारच्या आळींतील आशाताईंस कोणी हांक मारिली म्हणून बरें. त्यांनीं घरांतल्याच यंत्रानें बोटाचें रक्त तपासलें, आंकडा पन्नासाच्याहि खालीं होता. तिला गिळतां येत आहे अशी खात्री करून त्यांनीं साखरेचें पाणी पाजलें, आणि पाव घटकेनें ती सासूस ओळखूं लागली. पुढें दवाखान्यांत तिची व्यवस्था झाली व यथाकाल ती सुखरूप प्रसूत झाली. आशाताईंनीं आम्हांस दोष दिला नाहीं, एवढेंच विचारिलें कीं, "गुरुजी, त्या पोथींत गरोदर बाईचें वेगळें कांहीं नव्हतें का?"

हा प्रश्न घेऊन आम्ही घरीं आलों, व वाग्भटाचें अष्टांगहृदय उघडलें. बाडांतील तें पान म्हणजे सूत्रस्थानांतल्या चौदाव्या, द्विविधोपक्रमणीय नामक अध्यायाच्या एका भागाचें मराठी विवरण होतें, हें तत्काळ ध्यानांत आलें. हा अध्याय सर्व चिकित्सेचे दोनच भाग करितो : एक बृंहण, म्हणजे शरीर भरून काढणें, दुसरा लंघन, म्हणजे शरीर हलकें करणें. प्रथम बृंहणास योग्य कोण याची यादी येते. व्याधीनें, औषधानें, मद्यानें व शोकानें झिजलेले, ओझें वाहून व वाट चालून थकलेले, क्षीण व दुर्बल, यांच्या जोडीला तींत गर्भिणी, सूतिका, बाल व वृद्ध हे स्पष्ट शब्दांनीं सांगितले आहेत. त्यानंतर लंघनास योग्य कोण याची यादी येते, आणि तिच्या अगदीं आरंभीं मेह आहे. बाडांत दुसरी यादी उरली होती. पहिल्या यादीचें पान गहाळ झालें होतें.

आतां आमची सूनबाई कोणत्या यादींतली? ती गर्भिणी आहे म्हणून पहिल्या यादींत आहे. मेही आहे म्हणून दुसऱ्या यादींतहि आहे. एकाच अध्यायांत, कांहीं श्लोकांच्या अंतरानें, एकाच स्त्रीस दोन परस्परविरुद्ध आज्ञा झाल्या आहेत. वाग्भटास हा पेंच दिसला नव्हता असें म्हणतां येत नाहीं. कारण त्याच अध्यायांत थोडें पुढें त्यानें असे पेंच सोडविण्याचा नियम घालून दिला आहे. लंघनीयास बृंहण करूं नये; परंतु बृंहणीयास प्रसंगीं लंघन द्यावें लागलें तर तें मृदु असावें; अथवा देश, काल, बल इत्यादि पाहून दोघांचाहि उपचार युक्तीनें करावा, असा त्याचा आशय आहे. म्हणजे मागचें पान असतें तर गर्भिणी दिसली असती, पुढचें पान असतें तर नियम दिसला असता. आमच्या हातीं मधलें एकच पान होतें, आणि तें पूर्ण शास्त्र आहे अशा थाटानें आम्हीं तें वाचलें. संहिता पाठ असणारास हें क्षम्य नाहीं.

येथें मराठवाड्याच्या वाचकांस एका गोष्टीचें स्मरण द्यावेंसें वाटतें. या ग्रंथावर आयुर्वेदरसायन नांवाची टीका लिहिणारा हेमाद्रि हा देवगिरीच्या यादवांचा, म्हणजे महादेव व रामचंद्र या राजांच्या काळचा मंत्री होता. निर्णयसागराच्या छापील प्रतींत अरुणदत्त व हेमाद्रि या दोघांच्याहि टीका एकत्र मिळतात, तेव्हां मूळ अध्याय पाहणें कोणासहि अवघड नाहीं. याच हेमाद्रीनें चतुर्वर्गचिंतामणींत व्रतखंड रचून शेंकडों व्रतांचा संग्रह केला. उपवासांचा सर्वांत मोठा संग्राहक व बृंहण-लंघनाचा टीकाकार एकच पुरुष असावा, ही गोष्ट प्रस्तुत विषयास फार उपयोगी आहे. तिच्याकडे आम्ही पुढें वळणारच आहों.

तत्पूर्वीं एक शंका घेणें अवश्य आहे. मेह व गर्भ या दोहोंचा एका देहांत संगम झाला असतां काय करावें, याचा स्वतंत्र अध्याय प्राचीनांनीं कां लिहिला नाहीं? एक कारण टीकावाङ्मयांत सांपडतें. प्रमेहनिदानावरील टीकांतून अन्य तंत्रांतलें एक वचन उद्धृत केलेलें आढळतें. स्त्रियांच्या शरीराची मासिक रजःप्रवृत्तीनें शुद्धि होत असल्यामुळें त्यांस प्रमेह होत नाहीं, असा त्याचा अर्थ आहे. अनुभवानें हें मत टिकलें नाहीं. परंतु त्या मताचाच तर्क पुढें चालविला तर तो कोठें जातो, तें पहावें. मासिक शुद्धि हेंच जर संरक्षण, तर गर्भधारणेच्या नऊ महिन्यांत ती शुद्धि थांबते. म्हणजे त्या काळांत तरी स्त्री प्रमेहापासून सुरक्षित मानतां येणार नाहीं. हें अनुमान टीकाकारांनीं काढलेलें आम्हांस ठाऊक नाहीं. तें आमचें आहे. मात्र गर्भारपणांतच प्रथम दिसून येणारा मधुमेह आज सर्वांस परिचित आहे, आणि भारत सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणें प्रत्येक गर्भिणीस ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनीं रक्त तपासण्याची पद्धति आहे. आंकडा १४० मिलिग्रॅम किंवा अधिक आला तर उपचार सुरू होतो.

स्वतंत्र अध्याय नसला तरी सूत्रें आहेत. चरकाच्या शारीरस्थानांतील आठव्या अध्यायांत गर्भिणीच्या कोणत्या संवयीनें अपत्यास कोणता दोष लागतो, याची मोठी परंपरा सांगितली आहे. तींत नित्य मधुर सेवन करणारी स्त्री प्रमेही, मुकें अथवा अतिस्थूल अपत्य प्रसवते, असें आहे. मातेच्या रक्तांत साखर वाढली असतां गर्भ थोराड होतो व पुढें त्यालाहि मधुमेहाचा संभव वाढतो, हें विसाव्या शतकांत कोपनहेगनच्या पेडरसन प्रभृतींनीं दाखविलें, तें वाचतांना या स्थलाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. पण त्याच अध्यायांत थोडें पुढें नागोदराचें वर्णन आहे. उपवास व व्रतें यांत गढलेल्या, निकृष्ट अन्न खाणाऱ्या, स्नेहाचा तिटकारा करणाऱ्या गर्भिणीचा गर्भ सुकतो, वाढत नाहीं, असें तेथें म्हटलें आहे. अतिमधुराचें भय व उपवासाचें भय हीं दोन्हीं एकाच अध्यायांत आहेत. लोकांच्या ध्यानांत पहिलें राहिलें, दुसरें राहिलें नाहीं. गर्भिणीचा उपचार तेलानें कांठोकांठ भरलेलें पात्र न हिंदकळवितां न्यावें तसा करावा, ही चरकाची उपमा अशा स्त्रीस अक्षरशः लागू आहे. एका बाजूस कललें तरी सांडतें, दुसऱ्या बाजूस कललें तरी सांडतें.

मेहाच्या चिकित्सेंतहि एकच दंडक नाहीं. चरक चिकित्सास्थानाच्या सहाव्या अध्यायांत स्थूल व बलवान मेही आणि कृश व दुर्बल मेही असे दोन भेद करून दुसऱ्यास बृंहण सांगतो. सुश्रुत मेहाचे सहज व अपथ्यनिमित्तज असे दोन प्रकार मानतो व पहिल्या प्रकारचा रोगी कृश असतो असें वर्णन करितो. त्यानेंच निर्धन मेहीस अनवाणी, छत्रावांचून, भिक्षान्न खात शंभर योजनें चालावयास अथवा विहीर खणावयास सांगितलें आहे. हें स्थल पुष्कळांस ठाऊक असतें व मोठ्या कौतुकानें सांगितलें जातें. परंतु कृश मेहीचें सतत रक्षण करावें, असें तेथेंच जें म्हटलें आहे, तें कोणी सांगत नाहीं. प्राचीन भेद व आजचे भेद यांचा तंतोतंत मेळ घालण्याचा मोह टाळावा हेंच बरें. पण सर्व मेही एका मापाचे नव्हेत, ही जाणीव दोहोंकडे समान आहे.

येथवर ग्रंथांचें झालें. परंतु ग्रंथकारांच्या काळीं जें नव्हतें तें एक औषध आज मध्यें आलें आहे, व त्यामुळें लंघनाचा अर्थच पालटला आहे. इन्सुलिन निघण्यापूर्वीं लहानपणींच मधुमेह झालेली मुलगी बहुधा गर्भधारणेच्या वयापर्यंत जगतच नसे. १८८२ सालीं लंडनच्या मॅथ्यूज डंकन यानें मेही स्त्रियांच्या गर्भारपणाची माहिती जमविली, तेव्हां त्यास १५ स्त्रियांच्या २२ गर्भारपणांचीच नोंद मिळाली, व तींत माता व बालकें यांचे मृत्यूच फार होते. इन्सुलिनच्या आधींच्या दशकांत अमेरिकेंत अॅलन यानें जो उपचार रूढ केला, तो म्हणजे कडक उपवास. रोगी कांहीं काळ तगून राही व शेवटीं अस्थिपंजर होऊन मरे. १९२१ सालीं टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं इन्सुलिन वेगळें काढलें, आणि ११ जानेवारी १९२२ रोजीं लिओनार्ड थॉम्प्सन नामक चौदा वर्षांच्या मुलास त्याची पहिली सुई टोंचण्यांत आली. बॉस्टनच्या प्रिसिला व्हाइट यांनीं पुढें आपलें आयुष्यच मेही गर्भिणींच्या उपचारास वाहिलें.

हें औषध जितकें तारक तितकेंच तीक्ष्ण आहे, हें आरंभापासून ठाऊक होतें. प्रयोगशाळेंतील सशांस तें अधिक झालें कीं त्यांस आंचके येत व ग्लुकोज टोंचतांच ते सांवरत. सशाच्या रक्तांतील साखर आंचके येण्याइतकी खालीं आणणारी मात्रा, यावरूनच या औषधाचें पहिलें माप ठरविण्यांत आलें. म्हणजे रक्तांतील साखर उतरण्याचें भय या औषधाच्या मापांतच बसलेलें आहे. अॅलनच्या रोग्यास उपवास सोसत असे, कारण सुई नव्हती. सुई घेऊन उपवास करणें ही सर्वस्वीं निराळी गोष्ट आहे.

गर्भिणीच्या ठायीं हें भय अधिक कां, तेंहि समजून घेतलें पाहिजे. गर्भ आईच्या रक्तांतून रात्रंदिवस साखर ओढीत असतो. आई उपाशी असली तरी त्याचें ओढणें थांबत नाहीं. त्यामुळें इतर स्त्रियांस जी अवस्था दीर्घ उपवासानें येते ती गर्भिणीस लौकर येते. पहिल्या तीन महिन्यांत इन्सुलिनचा परिणाम पुष्कळांत वाढलेला असतो, वांत्या होत असतात, खाल्लेलें ठरत नाहीं. आणि गर्भास अपाय होऊं नये म्हणून साखर आटोक्यांत ठेवण्याची काळजीहि याच काळांत अधिक घेतली जाते. पुढें वार वाढूं लागली म्हणजे तिच्या रसांमुळें इन्सुलिनची गरज चढत जाते. प्रसूति होऊन वार पडतांच ती एकदम कोसळते. त्या दिवशीं पूर्वींचीच मात्रा चालू राहिली तर बाळंतिणीवर संकट येतें. अंगावर पाजणाऱ्या आईचीहि साखर रात्रीं उतरूं शकते. कोपनहेगन येथील, २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत लहानपणच्या जातीचा मधुमेह असलेल्या १०८ गर्भिणी होत्या. त्यांपैकीं ४५ टक्के स्त्रियांस दुसऱ्याच्या साहाय्यावांचून सांवरतां येऊं नये असा प्रसंग निदान एकदां आला, व असे प्रसंग पहिल्या तिमाहींत सर्वांत अधिक होते. सूनबाईचा तिसरा महिना होता, हें वाचकांच्या लक्षांत असेलच.

बालकाचीहि एक बाजू आहे. आईच्या रक्तांत साखर अधिक असली कीं गर्भ स्वतःचें इन्सुलिन अधिक करूं लागतो. नाळ कापतांच आईची साखर बंद होते, परंतु त्याचें इन्सुलिन कांहीं काळ चालूच राहतें. म्हणून मेही मातेच्या नवजात बालकाचें रक्त तपासावें लागतें व त्यास शक्य तितक्या लौकर पाजावें लागतें. आईची साखर थोडा वेळ उतरल्यानें गर्भास मोठा अपाय होतो असें मनुष्यांत सिद्ध झालेलें नाहीं. खरा धोका मातेस आहे : चक्कर, पडणें, आंचके, बेशुद्धि व क्वचित् मृत्यु. आणि वारंवार साखर उतरत गेली म्हणजे घाम, कंप, धडधड हीं सूचक लक्षणेंच मंद होतात. चोर दारांत येतो आणि कुत्रें भुंकत नाहीं, तशी गत होते. म्हणून सुईच बंद करावी असेंहि कोणी समजूं नये. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्या स्त्रीनें सुई सोडली तर रक्त विषारी होऊन तिचा व गर्भाचा दोघांचाहि घात होतो. कमी-अधिक करावयाचें तें वैद्याच्या सल्ल्यानें, अन्नाशीं मेळ घालून.

आतां उपवासाचा विचार. भूक धारूरला नवी नाहीं. शके १५५२ मध्यें, म्हणजे इ. स. १६३१च्या आरंभीं, शहाजहानचा सरदार आझमखान यानें धारूरचा किल्ला घेतला. त्याच सुमारास दक्षिण व गुजरात यांवर दारुण दुष्काळ पडला होता, व त्याचें वर्णन बादशहानाम्यांत आहे. ती भूक लादलेली होती. आजहि बालाघाटच्या वाड्यांतून दिवाळीनंतर हजारों कुटुंबें ऊस तोडण्यास जातात. त्यांतील गर्भिणी पहांटेच्या अंधारांत थंड भाकरीच्या तुकड्यावर कामास उभी राहते. सुश्रुताची शंभर योजनें तिला कोणी न सांगतांच घडतात. तिला मधुमेह असला व ती औषध घेत असली, तर दिवसभर साखरेचा ऊस तोडणारीच्या ओच्यांत चिमूटभर साखर असेल तर ती वांचेल, अशी स्थिति येते. दुसरी भूक आपण होऊन घेतलेली. नवरात्र, एकादशी, चतुर्थी यांची. या दुसऱ्या भुकेविषयीं धर्मग्रंथ काय सांगतात?

व्रतांचा एवढा मोठा संग्रह करणाऱ्या निबंधकारांनीं गर्भिणीस उपवासांत डांबलेलें नाहीं. पुराणवचनांच्या आधारें गर्भिणी, सूतिका व रोगी यांस त्यांनीं सवलत दिली आहे. उपवासाच्या जागीं नक्त, म्हणजे रात्रीं भोजन, करावें, अथवा व्रत पति, पुत्र इत्यादि प्रतिनिधींकडून करवावें, असें सांगितलें आहे. त्याहून महत्त्वाचें म्हणजे, जल, मूल, फल, दूध, हवि, ब्राह्मणाची इच्छा, गुरुवचन व औषध या आठ गोष्टींनीं व्रताचा भंग होत नाहीं, असें वचन सर्व निबंधांतून फिरत आलेलें आहे. पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांनीं शके १७१२ मध्यें धर्मसिंधु पुरा केला, तेव्हांपासून महाराष्ट्रांतील घराघरांतला व्रतनिर्णय त्याच परंपरेनें होत आला आहे. तेव्हां साखर उतरली असतां घेतलेलें साखरेचें पाणी हें औषध आहे, व औषधानें व्रत मोडत नाहीं. याहून स्पष्ट निर्णय कोणता पाहिजे? धारूरांत मुसलमान वस्तीहि मोठी आहे. शरीअतींतहि गर्भवती व अंगावर पाजणारी यांस स्वतःच्या अथवा मुलाच्या जिवाचें भय असल्यास रोजा पुढें ढकलण्याची मुभा आहे. धर्म कोठेंच आड येत नाहीं. आड येतें तें अर्धवट ऐकलेलें.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत मातांचें पोषण व बालकांची वाढ यांचा दीर्घ अभ्यास चालविला. तेथील नवजात बालकें वजनानें लहान, परंतु त्या मानानें चरबी राखून असलेलीं, अशीं आढळलीं. गर्भावस्थेंतील उपासमारहि पुढें मधुमेहाकडे नेऊं शकते, हा विचार अशा अभ्यासांनीं बळावला. अतिमधुर व उपवास हीं दोन टोकें चरकानें एका अध्यायांत ठेविलीं. आजच्या संशोधनांत तीं एकाच रोगापाशीं येऊन मिळतात.

संग्राहक बंधूंस आमची विनंति अशी आहे. प्रमेहावरील पानें आपणांस पुष्कळ मिळतील. जांभळाच्या बिया, कारलें, मेथी, गुडमार यांचे पाठ त्यांत असतील. तीं जतन करावींत, छापावींत. परंतु कोणी घरचें माणूस उपचार म्हणून विचारूं लागलें तर प्रथम दोन प्रश्न करावे : बाई गर्भार आहे काय, आणि ती सुई किंवा गोळी घेत आहे काय? उत्तर होय असेल तर पान मिटावें व तिला वैद्याकडे पाठवावें. साखर उतरविणारीं दोन द्रव्यें एकमेकांवर पडलीं कीं मात्रेचा हिशेब राहत नाहीं. कोणास घाम, कंप, भुकेची कळवळ वा भ्रम होतांना दिसला, तर वारें व बाधा यांचा विचार मागाहून करावा. रक्ताचा आंकडा ७० मिलिग्रॅमच्या खालीं असेल, किंवा यंत्रच नसेल तरी, तीन चहाचे चमचे ग्लुकोजची पूड अथवा तितकीच साखर पाण्यांत कालवून द्यावी. पंधरा मिनिटांनीं पुन्हा पहावें, आंकडा वर आला नसेल तर पुन्हा द्यावी, व सांवरल्यावर पोटभर खावयास घालावें. मात्र शुद्ध नसेल तर तोंडांत कांहींहि घालूं नये. तिला कुशीवर निजवून तत्काळ दवाखान्यांत न्यावें.

तें बाड आम्हीं धन्यास परत केलें. परत करण्यापूर्वीं वाग्भटाच्या त्या अध्यायांतला बृंहणाच्या यादीचा भाग व पेंच सोडविण्याचा नियम, हे दोन्ही मराठी अर्थासह स्वतंत्र कागदांवर उतरून त्या पानाच्या मागें व पुढें ठेविले. मूळ बाडांतील पान व आमचे कागद यांत पुढच्या संशोधकास घोटाळा होऊं नये म्हणून आमच्या कागदांवर तारीख घातली आहे, आणि हे कागद नंतर जोडलेले आहेत, असें माथ्यावर लिहिलें आहे. जुन्या पानास आम्हीं हात लाविलेला नाहीं.